मिटलेली मूठ

महामार्गाच्या रुंदीकरणात नवा उड्डाणपूल उभा राहत होता. तिथे क्रेनला इशारे देणाऱ्याला सगळे ‘मुका’ म्हणत. घरी हा गडी बायकोला एक वाक्य धड पुरं करू देत नसे. पण कामावर क्रेनवाला फक्त त्याचा हात बघायचा. बोटं उघडून खाली हलली की उतरव, मूठ मिटली की थांब.

त्या दिवशी भलाथोरला गर्डर खांबाच्या माथ्यावर वीतभर अंतरावर लटकत होता. त्याखालची रबरी बैठक सरकली, म्हणून मुक्याच्या मेहुण्यानं दोन्ही हात आत घातले. शेजारी उभ्या मुक्यानं मूठ मिटून हात वर धरला. नेमकी तेव्हाच एक गांधीलमाशी येऊन त्याच्या मनगटावर बसली.

दुसऱ्या हातानं झटकावी, तर क्रेनवाल्याला तोही इशाराच वाटायचा.

“आटप लवकर,” तो पुटपुटला.

मेहुणा मात्र पाहुण्यांसाठी चादर अंथरावी तशा निगुतीनं बैठक सारखी करत होता.

माशी डसली. खांद्यापर्यंत आग गेली, डोळ्यांत पाणी आलं. बोटं उघडू पाहत होती. त्यानं ती आणखी आवळली.

अखेर मेहुण्यानं हात बाहेर काढले आणि वर बघून दात काढले. “दाजी, रडताय? एवढा जीव आहे माझ्यावर?”

“तुझ्यावर कसला? घरी जाऊन तुझ्या बहिणीला तोंड मला द्यावं लागलं असतं,” मुका म्हणाला, आणि मग कुठे त्यानं सुजलेल्या हाताची बोटं उघडली.