देवघरातला झुनी पाहुणा

आमचे सर बसलेले दिसले, की वॉर्डात काहीतरी भयंकर घडलंय असं खुशाल समजावं. एरवी हा माणूस सतत पायावर. आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात आम्ही ज्युनिअर डॉक्टर त्यांना ‘भिंगरी’ म्हणायचो. चहासुद्धा चालता चालता प्यायचे आणि कप कुठल्या तरी खिडकीत विसरायचे. “सगळं ग्रँड आहे गं,” म्हणजे ठीक आहे, असं तिथल्या लोकांसारखं जितक्यांदा म्हणत, तितकी आम्हाला काळजी वाटे.

अमरावतीहून त्यांची आई आली होती, मुलाला कायमचं परत न्यायला. तो विषय निघाला, की सर दुसऱ्या खोलीत.

त्याच सुमारास एका म्हाताऱ्या पेशंटने बरं होऊन घरी जाताना त्यांना हातभर उंचीची लाकडी मूर्ती दिली. रंगीत मुखवटा, अंगात खरं कातडं. त्याच्या भावाने फार पूर्वी अमेरिकेतून आणलेली. सरांनी चौकशी केली तर तो निघाला तिथल्या झुनी या मूळनिवासी लोकांचा कचिना, म्हणजे पाऊस घेऊन येणाऱ्या पूर्वजांपैकी एक. इतकी जुनी, विधीतली मूर्ती त्यांच्या गावाबाहेर जायलाच नको होती. झालं! सरांची झोप उडाली.

“दुसऱ्याचा देव माझ्या हॉलमध्ये उभा आहे गं. मला घास कसा उतरेल?” राऊंडवरही तेच.

त्यात आजींनी, म्हणजे सरांच्या आईने, कमाल केली. त्याला उचलून देवघरात ठेवलं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. सर किंचाळलेच.

“आई, हा आपला देव नव्हे!”

“नसंल. घरी आला ना? मंग उपाशी ठेवू काय त्याले?”

कुंकू पुसावं तर जुना रंग निघणार, ठेवावं तर त्या लोकांचा अपमान. शेवटी सरांनी झुनी गावातल्या एका जाणत्या गृहस्थांना फोन लावला आणि खोलीभर फेऱ्या मारत सगळं कबूल केलं. मग ते गृहस्थ म्हणाले, “तुमच्या आईनं मायेनं लावलंय. काही पुसू नका. तसाच घरी आणा.”

सर स्वतःच घेऊन निघाले. विमानतळावर सोडायला गाडी मी आणली होती. गणपतीला निरोप देताना, पुन्हा ये म्हणून, त्याच्या हातावर दही ठेवतात ना, तशा आजी वाटी घेऊन दारात आल्या. मूर्तीपाशी चमचा नेला आणि थबकल्या.

“याले परत ये कसं म्हनू? हा तं आपल्या घरी चालला.”

मग ते दही त्यांनी सरांच्या तळहातावर ठेवलं.

“तू येजो, बाळू. अमरावतीले.”

सरांनी दही तोंडात घातलं, मूर्ती मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.