एक भगिनी, लेटरकेनी

२०२० साली आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला मुलाकडे आलेल्या काकू लॉकडाऊनमध्ये अडकल्या आणि त्यांनी आम्हा मराठी बायकांसाठी मासिक काढलं. पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायचं. पुण्यात एका महिला मासिकात प्रुफं तपासण्यापासून संपादकाच्या खुर्चीपर्यंत त्यांची हयात गेली होती, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. मी इथल्या भाडेकरूंच्या हक्कांसाठी पत्रकं लिहायचे, म्हणून मला हाताखाली घेतलं. "तुझ्या वाक्यांना नुसत्या मुठी आहेत गं," म्हणायच्या.

वाचकांचे प्रश्न हे त्यांचं लाडकं पान. पुढच्या वर्षी एका डॉक्टरच्या बायकोने विचारलं: नवरा गाडी शिकू देत नाही, फोन तपासतो, एकटीला बाहेर सोडत नाही. निघायचंय, पण त्याला कळता कामा नये.

काकूंनी उत्तर लिहिलं, गोडीगुलाबीने घ्या. मी भांडले. शेवटी चिडून त्यांनी ते खोडलं आणि मदतकेंद्राचा नंबर टाकला. मला वाटलं, जिंकले.

अंक इथल्या सगळ्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर आला. प्रश्नाखाली ठळक अक्षरांत: 'एक भगिनी, लेटरकेनी.'

लेटरकेनी म्हणजे पार उत्तरेकडचं छोटं गाव, तिथे मराठी घरं दोन. एकात दोघं अविवाहित डॉक्टर राहतात.

"काकू, गावाचं नाव कशाला?"

"अगं, तिचं नाव कुठे दिलंय? आयुष्यभर असंच छापत आले. 'एक भगिनी, सोलापूर.' कुणी ओळखलं नाही."

"सोलापुरात बायका किती, इथे किती?"

"आता गेलं ना सगळ्यांकडे. तू प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करतेस."

तोवर ग्रुपवर एकीने लिहिलं होतं, "डॉक्टरसाहेब, वहिनींना गाडी द्या आता." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. नवऱ्याने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. थोड्या वेळाने ती ग्रुपमधून बाहेर पडली. की काढली गेली.

तिचा फोन लागेना. मी पोलिसांना घरी पाठवलं. दार त्याने उघडलं, ती मागे उभी राहून इथल्यासारखं "ग्रँड, ऑल ग्रँड", सगळं छान आहे, म्हणाली, आणि ते परतले.

महिन्याभरात त्यानेच काकूंना मासिकासाठी पाककृती पाठवली: 'आमच्या हिच्याकडून नारळाच्या वड्या.' सोबत दोघांचा फोटो. छापू नका म्हणून मी पाया पडायचंच बाकी ठेवलं. काकूंनी पूर्ण पान दिलं.

"बघ, मिटलं," म्हणाल्या. "संसार असतो तो. पत्रक नव्हे."

मी मासिक सोडलं. विमानं सुरू झाल्यावर काकू पुण्याला गेल्या. तिथे त्यांचा सत्कार झाला, परदेशातल्या मराठी स्त्रीला आवाज दिला म्हणून. शाल-श्रीफळाचा फोटो त्यांनी आमच्या ग्रुपवर टाकला. पहिलं अभिनंदन लेटरकेनीहून आलं, डॉक्टरसाहेबांचं, सहकुटुंब.