पाठमोरी कोपी

माझ्या ऑफिसातली मंडळी हल्ली सुट्टीला माजलगाव धरणाच्या काठावर मुक्कामाला जातात. ताडपत्री बांधून तिच्याखाली झोपायचं, चुलीवरचं खायचं, फोटो टाकायचे. जाण्याआधी ताडपत्री कोणती घ्यावी हे मला विचारतात, कारण मला त्यातलं कळतं असं मी एकदा डबा खाताना बोलून गेले होते. मी सांगते. कापड जाड बघा, काठाच्या रिंगा ओढून बघा, शिवण बघा. पण त्याआधी विचारते, आत कोण राहणार आहे? ते हसतात. मला हसू येत नाही. आमची ताडपत्री याच प्रश्नावर घेतली होती आणि त्यावरून घरात महाभारत झालं होतं.

आमचं गाव घाटनांदूरच्या अलीकडे. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, बऱ्याच कोयत्यांची मिळून टोळी होते, आणि टोळीचा मुकादम असतो. आमच्या टोळीचे मुकादम माझे थोरले चुलतेच होते. उसाच्या फडाजवळच्या पडीक रानात टोळी उतरते आणि बांबू, ताडपत्री, पाचट यांची खोपटं उभी करते, त्यांना कोपी म्हणतात. उन्हाळ्यापर्यंत संसार त्यात. कोपीला दार नसतं. जुनं लुगडं किंवा पोतं लोंबत असतं, तेच दार.

नववीपर्यंत मी तोडणीच्या दिवसांत आत्याकडे गावातच राहायचे. दहावीच्या वर्षी आत्याच्या मुलानं तिला पुण्याला नेलं आणि प्रश्न उभा राहिला. शाळेच्या बाई म्हणाल्या, पुस्तकं घेऊन जा, परीक्षेला ये, बाकीचं मी बघते. बाईंचा प्रश्न सुटला होता. घरातला सुटला नव्हता.

चुलते ओट्यावर बसून वडलांना म्हणाले, "उजवून टाक पोरीला. वयात आलेली पोर कोपीत ठिवत न्हाईत."

हा टोळीचा कायदाच होता. कोपीला दार नाही, म्हणून पोर कोपीत ठेवायची नाही, म्हणून तिचं लग्न लावायचं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी पोरी याच कायद्यानं शाळेतून उठल्या. हा कायदा कुणी केला, कधी केला, हे एकाला सांगता आलं नसतं. पाळायला मात्र सगळे हजर.

माझी माय थोरल्या दिराशी थेट बोलायची नाही. आमच्यात तशी रीत आहे. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा, तोंड नवऱ्याकडे करायचं आणि बोलणं दिराच्या कानावर पडेल इतक्या आवाजात बोलायचं. चुलत्यांनाही तिला उत्तर द्यायचं तर ते वडलांनाच द्यावं लागे. वडील मध्ये बसून दोन्हीकडचा मार खायचे. त्या दिवशी माय वडलांकडे बघून म्हणाली, "दार न्हाई म्हणून पोर द्यायची का? मग दार करू की."

"तिला सांग," चुलते म्हणाले, "कोपीला दार करणारी ही कोण लागून गेली?"

बाजाराच्या दिवशी मला आणि वडलांना घेऊन माय परळीला गेली.

टोळीसाठी ताडपत्र्या दरवर्षी मुकादमच आणायचा. पातळ, निळ्या नाहीतर पिवळ्या. त्यांचं एक दुखणं होतं, ते बायकांनाच ठाऊक होतं आणि बायका ते बोलत नव्हत्या. अंधार पडल्यावर आत बॅटरीचा बल्ब लावला की आतल्या माणसाची सावली बाहेरून दिसायची. कोण बसलंय, कोण उठलंय, कोण लुगडं बदलतंय, सगळं. म्हणून बायका आधी दिवा घालवायच्या आणि मग चाचपडत कपडे बदलायच्या. आंघोळीचं तर विचारूच नका. पहाटे गाडीच्या आडोशाला एकीनं लुगडं धरायचं, दुसरीनं दोन तांबे ओतायचे, ओलेत्यानंच फडात पळायचं. पाळीच्या दिवसांत तेही नाही.

परळीच्या दुकानात व्यापारी एकेक ताडपत्री उलगडायचा आणि माय ती उन्हात धरायला लावायची. मला म्हणायची, "तिकडून उभी राह्य. हात हालव. आता वाक." मी ताडपत्रीमागे वाकायचे, उठायचे, हात वर करायचे, आणि माय इकडून डोळे बारीक करून बघायची. दुकानापुढं माणसं जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

व्यापारी वैतागला. "बाई, ताडपत्री घ्यायला आलाव का पोरीचा नाच बघायला?"

"नाच दिसतोय म्हंजी ताडपत्री कामाची न्हाई," माय म्हणाली. "दुसरी काढा."

शेवटी औष्णिक केंद्राच्या राखेच्या गाड्यांवर टाकतात तसली जाड काळी ताडपत्री निघाली. तिच्यामागे मी चांगली उडी मारली तरी मायला काही दिसलं नाही. वडील तेवढं म्हणाले, "लई जड हाय. आन काळी. दुपारी आत भट्टी हुईल."

"दुपारी आत कोण बसतंय? दुपारी आपण फडात असतो."

माजलगावच्या अंगाला एका कालव्याशेजारी टोळी उतरली. कोप्या दोन ओळींत, तोंडाला तोंड, मधून वाट, आणि वाटेच्या टोकाला मुकादमाची, म्हणजे चुलत्यांची, कोपी. त्यामुळे त्यांना आपल्या जागेवरून सगळ्यांच्या घरात दिसायचं. पहाटे ते वाटेनं हाका मारत यायचे आणि ज्याला उशीर झाला त्याचं पोतं काठीनं बाजूला सारून आत डोकवायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मायनं आमची कोपी ओळीतच घेतली, पण तोंड पलीकडे, उसाच्या बाजूला केलं. वाटेकडे नुसती काळी पाठ. समोरासमोर माथ्याशी बांधलेल्या बांबूंच्या दोन कैच्या रोवल्या, त्यांच्यावर आढं म्हणून लांब बांबू टाकला, वरून ताडपत्री ओढली आणि तिच्या कडा चारी बाजूंनी मातीत पुरल्या. तोंडाला उरलेला तुकडा लावला आणि त्याच्या रिंगांतून दोरी ओवली, आतून आवळून बांधायची. मागच्या कोपऱ्याला आणखी एक तुकडा घेऊन लहानशी न्हाणी काढली. कालव्यावरचे चपटे दगड खाली अंथरले, पाणी बाहेर जायला चर खणला. न्हाणीत जायचं ते कोपीच्या आतूनच. बाहेर पाऊलही टाकायचं नाही.

चुलते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग वडलांना म्हणाले, "समद्यांची तोंडं इकडं, तुमचंच तिकडं काहून रे?"

वडलांनी मायकडे बघितलं. माय पदर सारखा करत वडलांना म्हणाली, "त्यांना म्हणावं, उठवायला हाक पुरती. आत बघायचं काही काम न्हाई."

"आन पोरीला काही झालं तर?"

"काही झालं तर ती काय आपल्या आपण हुणार हाय का? ज्याच्या हातून हुईल त्याला आधी सांगून ठिवा म्हणावं. टोळी त्यांची हाय, माणसं त्यांची हाईत."

हे ऐकून चुलते गेले. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली, बायकांच्या सुरक्षेवरची तर ढिगानं ऐकली. मायच्या त्या एवढ्याशा बोलण्यापुढं त्यातलं एकही टिकलं नाही. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच चर आणखी खोल खणत बसले.

टोळीतल्या बायकांनी आधी चेष्टा केली. "बंगला बांधलास गं बाई. गच्ची कधी काढतीस?" मग एकजण दिवस मावळताना बादली घेऊन आली, म्हणाली, जरा जाऊ का आत. माय म्हणाली, जा की. त्यानंतर चेष्टा जरा कमी झाली.

मी दिवसा कोपीतला स्वयंपाक, धुणं बघायचे, दुपारी फडावर भाकरी पोचवायचे आणि लिंबाखाली बसून भूमिती करायचे. सगळं बरं चाललं होतं, आणि एका दुपारी अवकाळी पाऊस आला. आम्ही सगळे फडात होतो. वाऱ्यानं उभा ऊस लोळवला. उघडल्यावर धावत आलो तर टोळीतल्या पातळ ताडपत्रीच्या कोप्या फडफडत का होईना उभ्या होत्या. आमचीच तेवढी जमिनीवर आडवी.

माय चुकली होती. गाडीवर टाकायची जड ताडपत्री तिनं घेतली, पण बांबू नेहमीचेच, करंगळीएवढे. शिवाय कडा इतक्या पक्क्या पुरल्या होत्या की वाऱ्याला निघून जायला वाट राहिली नाही आणि वरचं पाणी ओघळलं नाही. ताडपत्रीला पोट सुटलं, त्यात पाणी साचलं, बांबू कडाकडा मोडले. खाली माझी पुस्तकं होती. विज्ञानाचं पुस्तक हातात घेतलं तर त्याचा लगदा झाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पुस्तकासाठी नव्हतं. आता काय होणार हे मला कळलं होतं.

चुलते आले. ओल्या ताडपत्रीवर काठी आपटत वडलांना म्हणाले, "झाली हौस? आता पोर कुठं निजंल, माझ्या डोक्यावर?" आणि तिथंच उभं राहून त्यांनी फोन लावला. पलीकडच्या टोळीतलं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलेलं होतं. या रविवारी बघायला या, म्हणाले.

माय खाली बसली होती. तिला मी कधी अशी बसलेली बघितली नव्हती. आणि मला राग आला. चुलत्यांचा आला, पावसाचा आला, मोडक्या बांबूंचा आला, मायनं मान खाली घातली याचा सगळ्यात जास्त आला. मी म्हणाले, "ऊठ. ताडपत्री फाटली न्हाई. बांबू मोडलेत."

टोळी उतरल्यापासून वडील याबाबत एक शब्द बोलले नव्हते. ते कोयता घेऊन कालव्याकडे गेले आणि वाळलेल्या बाभळीच्या दोन जाडजूड मेढी, वर फाटा असलेले खांब, खांद्यावर टाकून घेऊन आले. वाटेत चुलत्यांनी हटकलं तर म्हणाले, "दादा, सरका जरा. काटे हाईत." थोरल्या भावाला ते त्याआधी कधी सरका म्हणाले नव्हते.

खड्डे मी खणले. मेढी रोवल्या, फाट्यात जाड आढं बसवलं. या वेळी कडा पुरल्या नाहीत, रिंगांना दोर बांधून खुंट्यांना ताणल्या, म्हणजे वारा खालून निघून जाईल. उतार जास्त दिला. न्हाणीचे दगड पुन्हा बसवले. तोंड उसाकडेच ठेवलं.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील आणि मुलाची आई, बरोबर आमचे चुलते. वाटेवर पोती अंथरली. मायनं चहा केला. चुलत्यांनी हाक मारली, "ये गं, बस पाहुण्यांपुढं."

मी गेले. पोरीला डोक्यावर पदर घ्यायला सांग म्हणून मायला कुणीतरी खुणावलं, मायनं ते न बघितल्यासारखं केलं. मुलाच्या वडलांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, कोयता चालवता येतो का विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग मी म्हणाले, "मला एक इचारायचंय."

चुलत्यांनी घसा खाकरला. मी थांबले नाही.

"लगीन झाल्यावर मी कुठं राहायचं?"

"आता कुठं म्हंजी," मुलाचे वडील हसले, "आमच्यात. आमची टोळी हाय की."

"कोपीत?"

"मग काय माडीवर?"

"कोपीत ठिवायची न्हाई म्हणून लगीन लावतेत," मी म्हणाले, "आन लगीन लावून कोपीतच नेतेत. तुमच्या कोपीला न्हाणी हाय का?"

चुलत्यांचा चेहरा लाल झाला होता. मी उत्तर मिळेपर्यंत बसणार होते. उत्तर मुलाच्या आईनं दिलं. फडातून तशीच उठून आलेली, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे, केसांत पाचटाचा भुसा.

"न्हाई," ती म्हणाली. मग मायकडे वळून म्हणाली, "तुमची बघू का?"

माय तिला कोपीला वळसा घालून आत घेऊन गेली. थोड्या वेळानं माय एकटीच बाहेर आली, चुलीवरच्या हंड्यातलं गरम पाणी बादलीत ओतलं आणि बादली घेऊन परत आत गेली. आतून दोरी आवळल्याचा आवाज आला. मग पाण्याचा.

पुरुष वाटेवर बसून राहिले. चहा संपला. मुलाच्या वडलांनी तंबाखू मळली, थुंकले, उठले, बसले. चुलते एकदा उसाकडे बघायचे, एकदा घड्याळाकडे. शेवटी मुलाचे वडील काळ्या पाठीजवळ जाऊन ओरडले, "अगं, झालं का न्हाई? लोकं खोळंबलेत! पसंत हाय का नाय ते तरी सांग!"

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, सावकाश, एक तांब्या, मग दुसरा.

"मला न्हाई आणायची कुणाची पोर कोपीत," ती आतून म्हणाली. "आन तुमी बसा तिथंच. लगीन झाल्यापासून तुमी बाहेर हाव म्हणून मी घाईघाईत उरकत आलेय. आज मी न्हाते."