पुढे कोण बसणार

भोपाळच्या माझ्या घराचा समुद्राशी काही संबंध नाही. तरी मी रोज कॅलेंडरात तिथी बघतो, तिची पाऊणपट करतो आणि कोकणातल्या आमच्या खाडीला भरती किती वाजता, ते काढतो. शेजारी म्हणतात, काकाजींचा टाइमपास आहे. म्हणोत बापडे.

मागच्या वर्षी दादा गावाहून डोळे दाखवायला माझ्याकडे आला. साकेत नगरातलं मोठं इस्पितळ घराजवळच आहे. काचबिंदू निघाला. समोरचं दिसेल, पण बाजूची गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादाने एवढंच विचारलं, की मग होडी आत आणता येईल का. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. डावीकडे दांड्यावर लाटा फुटतात, उजवीकडे खडक, मधून होडीपुरती वाट. ओहोटीला शिरायचंच नाही. अर्धी भरती होईपर्यंत बाहेर थांबायचं, मोठ्या लाटा पुढे जाऊ द्यायच्या आणि त्यांच्या पाठोपाठ सरळ आत यायचं. होडी आडवी झाली की संपलं. सुकाणू धरणारा दोन्ही बाजूंवर नजर ठेवतो. पुढे बसणारा बांबू बुडवून पाणी किती ते ओरडून सांगतो : गुडघा, मांडी, कंबर. हे माप सुकाणू धरणाऱ्याच्या अंगाचं असतं. नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत गेलो तेव्हा मी विसरून स्वतःच्या अंगाचं सांगितलं. मी दादापेक्षा चांगला वीतभर ठेंगणा. होडी वाळूत बसली, लाट आत आली, जाळं गेलं. त्यानंतर दादाने मला कधी पुढे बसवलं नाही. रागावलाही नाही, ते जास्त लागलं.

परत जायच्या आदल्या संध्याकाळी त्याला शाहपुऱ्याच्या तळ्यावर नेलं. न चढणारं, न उतरणारं ते पाणी त्याला काही आवडलं नाही. तिथेच म्हणाला, "तू येतोस का गावी? पुढे बस. बाजू बघ, पाणी सांग. एकटा इथे काय करतोस?"

पस्तीसेक वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती, आणि ते आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. नजर होती तोवर मी चालत नव्हतो. आता अडला हरी, आणि गाढव मी. पेन्शनचं काम सांगितलं, घराला ओल आलीय म्हणालो. दादा बरं म्हणाला. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग भरतीच्या वेळेला मी फोन जवळ घेऊन बसू लागलो. दादा नीट आत आला असेल का, याची भीती वाटायची आणि विचारायची लाज वाटायची. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच, त्यामुळे ही भीती बोलून दाखवायलाही कोणी नव्हतं. असे चार महिने काढले. शेवटी तिकीट काढलं आणि फोन लावला.

"दादा, मी येतोय," म्हटलं. "पुढे बसतो."

त्याने सांगितलं, की वहिनी बसते आता. साठीची बाई, उभ्या आयुष्यात होडीत पाय न ठेवलेली. पहिल्या दिवशी डोळे मिटून बसली होती म्हणे. आता बाजूही बघते, पाणीही सांगते, आणि अजून एकदाही चुकलेली नाही.

"तू ये ना," दादा म्हणाला. "चार दिवस राहा, मासे खा. होडीसाठी नको येऊस."

मी बरं म्हणालो. भावाच्या घरी मी आता पाहुणा, आणि हे माझं मीच करून घेतलं.