डाव्या फुलाचा शेंदूर

प्रचार खात्याची गाडी आली त्या संध्याकाळी चावडीसमोर पांढरा पडदा लागला. आधी खताचा सिनेमा झाला, मग आफ्रिकेतल्या एका वस्तीची छोटी गोष्ट. बोलणं परकं; गाडीवाला भोंग्यातून हिंदीत समजावत होता. वस्तीनं लाकडासाठी रान विकलं, झरा आटला. एक बाई कोरड्या नदीत गुडघे टेकून बसली, वाळू उकरली आणि पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरू लागली.

त्याच सकाळी माझी बायको आमच्या नदीत, वाळूत खणलेल्या झिऱ्यावर अशीच बसली होती. तसंच वाकणं, तशीच वाटी.

"अगं, ही तर आपल्याच झिऱ्यावरची," बायांतून कुणी म्हणालं.

"व्हय, पण तुझ्यापरीस लवकर घागर भरती."

हशा पिकला. माझ्या शेजारी बसलेले पाटील मात्र हसले नाहीत.

"ह्यांनी देवाला न इचारता रान तोडलं. आपण तर कौल लावून तोडलं. तरी आपलं पाणी का गेलं, तेवढं कळंना बघा, पुजारी."

आमच्याकडं देवीच्या राईतली काटकीसुद्धा तिला विचारल्याबिगर उचलत नसत. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पूजेचा मान आमच्या घरात. कोळशाचा ठेकेदार राईच्या बदल्यात देवळापुढं पत्र्याचा मंडप घालून देतो म्हणाला, तेव्हा कौल मीच लावला. उजव्या फुलाला नुसतं पाणी, डाव्याला तेलात कालवलेला शेंदूर, घट्ट चिकटून राहावं म्हणून. उजवं पडलं. लोकांनी हात जोडले आणि कुऱ्हाडी उचलल्या. पुढं राईखालची बारव आटली. मी त्या मंडपात आरती करत राहिलो.

आता ओढ्यापलीकडच्या उरलेल्या झाडांसाठी तोच ठेकेदार पुन्हा आला होता. कौल दुसऱ्याच सकाळी होता.

गाभाऱ्यात ताटात दोन फुलं ठेवलेली, दाराशी ठेकेदार उभा.

"लावा, पुजारी," पाटील म्हणाले. "मागच्यागत देईलच देवी."

मी ताट हातात घेतलं, पण फूल उचललं नाही. "मागं देवीनं दिला नव्हता," मी म्हणालो. "मी दिला होता." आणि शेंदराचं सांगून टाकलं.

पाटलांनी मूर्तीच्या डाव्या खांद्याकडं बघितलं.

"म्हंजी ती न्हाय म्हणत हुती?"

"ते तिला विचारलंच नाही मी."

त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि ठेकेदाराला म्हणाले, "तुम्ही जावा आता. कौल लागायचा न्हाय."

ओढ्यापलीकडची झाडं राहिली. बारवेला पाणी परत आलं नाही.

त्या सकाळी मी गाभाऱ्यातून बाहेर आलो तेव्हा मंडपाच्या खांबाशी झिऱ्याला निघालेल्या बाया थांबल्या होत्या. त्यांत माझी बायको होती, कडेवर रिकामी घागर घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. घागर सावरली आणि नदीकडं चालू लागली.