आतला रोल

जुन्या बाजारातून घेतलेल्या फिल्म कॅमेऱ्याचं शटर अडकलं होतं. काय बिघडलंय ते बघायला मी घाईघाईने मागचं झाकण उघडलं. आत रोल होता, जवळजवळ पूर्ण वापरलेला. झाकण लगेच लावलं, पण उजेड आत शिरला होता.

स्टुडिओवाले काका रोल धुऊन म्हणाले, "बाकी सगळा जळाला. आतल्या वेढ्यातला हा एकच वाचला." फोटोत एक बाई नवरीच्या केसांतला गजरा नीट करत होती.

महिनाभर खपून मी शटर सुरू केलं. आता ते स्वच्छ वाजतं, आणि दर वेळी मला स्वतःचीच चीड येते. कुणाचं तरी लग्न माझ्या हातून पुसलं गेलं. माफी मागायची तर कुणाची, तेही ठाऊक नाही.