नदिनच्या नावाची कार्बाइन

ऑर्विल केसिंजरचं आयुष्य शाळेची बस चालवण्यात गेलं, पण आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात त्याचं नाव झालं ते पिस्तुलामुळे. क्लबच्या मैदानावर लोखंडी तबकड्या तो अशा पाडायचा की मला गुण टिपायला फुरसत मिळायची नाही. नेम जेवढा सरळ तेवढीच जीभ तिरकी. खांद्याला लावून पिस्तुलाचीच काडतुसं उडवणाऱ्या कार्बाइनवर तर त्याचा भारीच राग. 'कुबडी' म्हणायचा तिला. ड्वाइट प्रुइटचं मनगट लाकडाच्या गिरणीत चेचलं आणि त्यानं पिस्तूल सोडून कार्बाइन धरली, तेव्हा ऑर्विलनं भर मैदानात विचारलं होतं, "काय रे, व्हीलचेअर कधी आणतोस?" आम्ही सगळे हसलो. ड्वाइटही हसला, पण जरा उशिरा.

ड्वाइटचं आता बंदुकांचं दुकान आहे. मार्चमध्ये मी तिथे काडतुसं घेत होते, तेवढ्यात ऑर्विल आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "एक कुबडी दाखव बघू. नदिनसाठी. बाईमाणूस घरात एकटी असते."

नदिन म्हणजे त्याची बायको. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाचे फटाके सुरू झाले की ती तळघरात जाऊन रेडिओ मोठा करते. मला आश्चर्यच वाटलं.

ड्वाइटनं काउंटरवर कार्बाइन ठेवली. "हे बघ, खांद्याचा टेकू मिळतो, म्हणून हात हलला तरी नेम फारसा हलत नाही. झटका कमी. काडतुसं तुझ्या पिस्तुलाचीच चालतील."

"आणि वाईट काय ते सांग. तू दुकानदार, चांगलंच सांगणार."

"रायफलची ताकद नाही. लांबवर गोळी खाली पडते. घराच्या बोळात वळवायला पिस्तुलाइतकी सोपी नाही. आणि मुख्य म्हणजे नेम धरायच्या काचेतला हा लाल ठिपका नळीच्या बराच वर बसतो. जवळून ठिपक्यावर मारलंस तर गोळी दोन बोटं खाली लागते. जवळ असताना नेम वर धरायचा. नदिनला एवढं नक्की सांग."

"मला शिकवतोस होय रे?" ऑर्विल म्हणाला. पण विचारलं त्यानं फिरून एकच, हात हलला तरी खरंच चालतं का. बाकी सगळे तोटे त्याच्या कानावरून गेले, आणि त्यानं कार्बाइन घेतली.

ड्वाइट मनानं सरळ. त्यानं क्लबात सगळ्यांना आनंदानं सांगितलं, की आता नदिन स्पर्धेला येणार. क्लबातल्या बायका तिच्या मागेच लागल्या. खरं सांगून टाकायला ऑर्विलला तेव्हाही वाव होता. त्याऐवजी त्यानं नदिनला गळ घातली: एकदाच ये, चार गोळ्या झाड, मग तुला जमत नाही म्हणू आणि बंदूक पडून राहायला नको म्हणून मी वापरीन. असं का, हे तिनं विचारलं नाही. ती आली.

एप्रिलच्या स्पर्धेत ती कानांवर आवाज अडवणारी टोपणं लावून उभी राहिली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. समोर हाताच्या अंतरावर तपकिरी कागदी माणूस, आणि त्याला गळ्यापर्यंत झाकणारा एक पांढरा. पांढरा म्हणजे घरातलं माणूस, त्याला धक्का लागता कामा नये. नदिननं ठिपका बरोबर तपकिरी हनुवटीवर ठेवला, श्वास धरला आणि चाप ओढला.

भोक पांढऱ्यात पडलं.

"अगं नदिन, पाहुण्यालाच उडवलंस की!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"मी नीट धरला होता," नदिन म्हणाली. "ठिपका त्याच्यावरच होता हो."

ड्वाइटनं बंदूक रिकामी करून घेतली आणि ऑर्विलकडे वळला. "नेम वर धरायचा, हे तू तिला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की," ऑर्विल म्हणाला. "विसरली असेल."

नदिननं त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "हो. मीच विसरले."

ऑर्विलला मी इतकी वर्षं ओळखते. त्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. कान लालबुंद, डोळे जमिनीत. आपल्यासाठी ही बाई चारचौघांत खोटी पडली, हे त्याला तिथेच सलायला लागलं असावं, कारण तो एकदम बोलला, आणि फार मोठ्यानं.

"ती विसरली नाही. मी सांगितलंच नव्हतं. बंदूक माझी आहे, माझ्यासाठी घेतली." त्यानं उजवा हात पुढे केला. झाडाचं पान हलावं तसा तो हलत होता, आणि थांबवता येत नव्हता.

कोणी हसलं नाही. ड्वाइटनं त्या हाताकडे पाहिलं, आणि मी मनात म्हटलं, आता हा व्हीलचेअरचा हिशेब चुकता करणार. तो म्हणाला, "पुढचा नंबर तुझा लावू का?" बस, एवढंच. ऑर्विलनं नाही म्हणून मान हलवली आणि सगळ्यांसमोर डोळे पुसले. ड्वाइटनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

परत येताना ट्रक नदिन चालवत होती. मी मागे बसले होते. बरोबर आणलेल्या पेपरोनी रोलला, आमच्याकडच्या त्या सॉसेज भरलेल्या पावाला, कोणी हातसुद्धा लावला नाही.

"डॉक्टर म्हणतो, हे हाताचं हलणं वाढतच जाणार," ऑर्विल अखेर म्हणाला. "तुला सांगायची लाज वाटली."

"ख्रिसमसपासून मी तुझा कप अर्धाच भरते," नदिन म्हणाली. "सांडू नये म्हणून. तुला काय वाटलं, कॉफी महागली?"

मला चर्चमधलं जेवण आठवलं. अख्ख्या टेबलाला ऑर्विलनं ऐकवलं होतं, की म्हातारपणी आमची बाई कंजूष झाली, घोटभर कॉफी देताना जीव जातो तिचा. आम्ही पोट धरून हसलो होतो.

ऑर्विललाही तेच आठवलं असणार. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "तेव्हा तूही हसलीस," तो कसाबसा म्हणाला.

"मग काय करायला हवं होतं?" नदिन म्हणाली. "सगळ्यांना सांगायचं होतं?"